आवडीचा नंबर

माझा भाऊ चष्म्याचे नंबर काढतो. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. दादाच्या हातून कधी चुकीचा नंबर गेला नाही, आणि चष्म्याखेरीज दुसरं काही त्याला धड जमलंय असंही कधी झालं नाही. दुकानात पुढे काउंटरवर मी असते, फ्रेमा दाखवायला, दांड्या वाकवायला आणि गिऱ्हाइकांची कटकट ऐकायला. मागे पडद्याआड अंधाऱ्या खोलीत तो.

त्याची मुलगी, म्हणजे माझी भाची, कॉलेज संपवून घरी बसली होती. तिला आम्ही घुमी म्हणतो. ढीगभर प्रश्न विचारा, एक हुंकार मिळेल. पुढे काय करायचं ठरवलंयस, असं विचारलं की ती मुकाट्याने दुकानाच्या काचेतून बाहेर बघत बसायची. दादाच्या मनात काय होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. पोरीने डोळे तपासायचा कोर्स करावा आणि ही खोली सांभाळावी. पण पोरीवर जबरदस्ती करणारा बाप म्हणवून घ्यायची त्याला भारी लाज!

त्यात एक दिवस करिअरवाल्या बाई चष्मा करायला आल्या. त्या कॉलेजांतून व्याख्यानं देतात. दादा त्यांचा नंबर काढत होता आणि त्या त्याचं डोकं फिरवत होत्या. "मुलांना आधी स्वतःची आवड कळली पाहिजे. मग आपली मूल्यं, म्हणजे आयुष्यात आपल्याला खरंच काय महत्त्वाचं वाटतं ते. करिअर त्याच्यानंतर!"

बाई गेल्या आणि दादा बाहेर येऊन मला म्हणाला, "पटलं बरं का मला. मी काही लादणार नाही. आवड तिची तिलाच सापडू दे. मी फक्त मदत करणार."

"ती कशी?"

"तपासून."

मला वाटलं, गंमत करतोय. कसली गंमत! दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच त्याने पोरीला खुर्चीत बसवलं आणि दिवा मालवला. मी पडद्याच्या फटीतून बघत होते. आमच्याकडे नंबर काढताना एकामागून एक भिंगं बदलतात आणि विचारतात, हे स्पष्ट की हे? विचार करायला वेळ द्यायचा नसतो. दादाने अगदी त्याच सुरात सुरुवात केली.

"वकिली बरी की हिशेब?"

"हिशेब."

"हिशेब की शिकवणं?"

"शिकवणं."

"मान की आराम? पटकन सांग."

"आराम."

"शिकवणं की डोळे तपासणं?"

"दोन्ही सारखंच," ती म्हणाली.

झालं! दिवा लागला आणि दादा लॉटरी लागल्यासारखा बाहेर आला. "आला, आला नंबर!"

आता बाहेरच्या माणसाला हे कळायचं नाही, म्हणून सांगते. दोन भिंगांतून सारखंच दिसतंय असं समोरच्याने म्हटलं की आमच्यात हात थांबवतात. बरोबर नंबर तिथेच असतो, पुढे ढकललं की बिघडतो. "दोन्ही सारखंच" हे शब्द ऐकले की दादाला दिवस सार्थकी लागल्यासारखं वाटतं. दुपारपर्यंत तो कोर्सच्या प्रवेशाची चौकशी करूनसुद्धा आला.

माझं डोकंच सटकलं. "अरे शहाण्या, ताटातल्या दोन्ही भाज्या नको असल्या तरी माणूस दोन्ही सारख्याच म्हणतं!"

"तुला तपासणीतलं काय कळतं?"

"तपासणीतलं नसेल कळत. पोरीतलं कळतं."

तो फुरंगटून पडद्याआड गेला. मी घुमीला काउंटरमागे माझ्याजवळ बसवलं आणि म्हटलं, "हे बघ, दोनातलं एक नाही विचारत. तुला काय आवडतं ते तुझं तू सांग."

तिने काचेबाहेर बोट दाखवलं. समोर एक इमारत चढत होती आणि तिच्या डोक्यावर उंचच उंच क्रेन होती.

"ती," घुमी म्हणाली. "ती चालवायचीय मला."

आणि मग ही पोरगी बोलायला लागली की हो! "वर त्या काचेच्या खोलीत एकटंच बसायचं आत्या. एवढं लोखंड उचलायचं आणि झोपलेलं बाळ ठेवावं तसं अलगद खाली ठेवायचं. मी क्रेन शिकवणाऱ्यांकडे जाऊनसुद्धा आले. घेतो म्हणाले. आणि तिथे दिवसभर सारखं कुणी विचारत नाही गं. इथे बाबा आत विचारतो, हे की ते. तू बाहेर विचारतेस, ही फ्रेम की ती. मला नाही विचारायचं कुणाला काही."

घ्या! आवड आली, मूल्यं आली, आणि दोन्ही आमच्या डोक्यावर जाऊन बसली. पण शब्द दिल्यासारखं झालं होतं, तेव्हा दादाशी भांडायला मीच उभी राहिले.

दादा आधी हसला, मग ओरडला, मग त्याने करिअरवाल्या बाईंना फोन लावला. बाई खूश! इतकी स्वच्छ मूल्यं असलेली मुलगी आपण पाहिली नाही म्हणाल्या. फोन ठेवून दादा म्हणाला, या बाईला काडीची अक्कल नाही.

तरी तो नाही म्हणेना आणि हो म्हणेना. शेवटी घुमीनेच सांगितलं की प्रवेशाला डोळ्यांचा दाखला लागतो. लांबचं नीट दिसतं का, अंतराचा अंदाज येतो का, हे तपासून आणायचं. चौकातल्या दुसऱ्या दुकानातून आणते म्हणाली.

दादा ताडकन उठला. "माझी मुलगी त्या माणसापुढे डोळे दाखवायला जाणार? मग मी गावाला तोंड कसं दाखवू? चल आत."

ती आत गेली आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दाखल्यावर एकच शब्द लिहायचा असतो, योग्य नाहीतर अयोग्य. अयोग्य लिहिलं की पोरगी खाली राहिली, दुकानही राहिलं, आणि कुणी काही लादलं असंही व्हायचं नाही. खरं सांगते, इतकी भांडले मी तिच्यासाठी, पण त्या घडीला मलाच वाटलं, लिही बाबा अयोग्य. त्या उंचीवर आमची पोर मला बघवणार नव्हती.

आतून आवाजच येईना. मी फटीतून डोकावले. दादा हातातल्या बारीक उजेडाने तिच्या डोळ्यांत बघत होता. बोलता न येणाऱ्या तान्ह्या बाळांची नजर अशी तपासतात, काही न विचारता. मग त्याने समोरची अक्षरं उजळली. ती तळापर्यंत वाचत गेली. शेवटी त्याने अंतराचा अंदाज बघायची लांबट पेटी लावली. आत दोन काड्या पुढेमागे असतात, लांबून दोऱ्या ओढून त्या एका रेषेत आणायच्या. घुमीने दोऱ्या ओढल्या. दादाने वाकून बघितलं, काड्या पुन्हा विस्कटल्या, पुन्हा ओढायला लावल्या.

"अगं ए, हे बघायला ये!" तो माझ्या नावाने ओरडलाच. "केसाचाही फरक नाही! दोन्ही वेळा! अशी नजर मी आयुष्यात नाही बघितली!"

पडदा फराटकन ओढून तो बाहेर आला, माझ्या हातातलं पेन हिसकावलं, योग्य लिहिलं, सही ठोकली, शिक्का मारला. घुमीने दाखला घेतला, बापाच्या दंडाला हात लावला आणि रस्त्याला लागली. दादा दारात उभा राहून हसत तिच्याकडे बघत होता. ती कोपऱ्यावर वळली तसं त्याचं हसू हळूहळू उतरलं.

"मला खोटं लिहिता आलं असतं की गं," तो म्हणाला. "सुचलंच नाही."