चुलीवरच्या माळ्यावरचा घोडेस्वार

माझा जन्मच लोकांना हसवण्यासाठी झाला, मित्रांनो. मी एक जुनं विलायती चित्र आहे. तांब्याच्या पत्र्यावर कोरून मला छापलं आणि मग कुणीतरी पाण्याच्या रंगांनी हाताने रंगवलं. लाल कोटातला एक लठ्ठ जमीनदार कोल्ह्याच्या शिकारीला निघतो, घोडा कुंपणापाशी अडतो आणि स्वारी थेट चिखलात!

घाटमाथ्यावरच्या जंगलातल्या कॅसलरॉक गावी लाकडाचा व्यापार करणाऱ्या एका साहेबाला अशा चित्रांचं भारी वेड. मुंबईच्या लिलावांतून एकेक आणून त्याने आम्हा चार चित्रांची चौकडी जमवली होती. बंगल्याचा राखणदार येसाजी मला रोज पुसायचा. माणूस कीर्तनाचा नादी. कुणी आलं की माझ्यापुढे उभं राहून त्याचं निरूपण सुरू.

"बघा गड्यांनो, ह्यो मीपणा! घोड्यावर मावंना, म्हणून देवानं चिखलात बसवला!"

लोक हसत आणि हसता हसता हात जोडत. एवढा मान मला विलायतेतही मिळाला नव्हता.

पावसाळ्यापुरता साहेब दुसरीकडे राहायला निघाला. ह्यातल्या एकाही चित्राला ओल लागली तर तुझं काम गेलं, असं त्याने येसाजीला बजावलं. आषाढात माझ्या मागची भिंत पाझरू लागली. काचेच्या आत बुरशी धरली. घाबरून येसाजीने मला चौकटीतून काढलं, उराशी धरून घरी नेलं आणि चुलीवरच्या माळ्यावर, बियाण्याच्या भाताशेजारी ठेवलं.

त्याची बायको पुतळी म्हणाली, "बरं केलंसा. धुरानं बियाण्याला कीड लागत न्हाई, मग ह्या कागदाला लागंल व्हय?"

बुरशी खरंच गेली. पण ओल्या लाकडांचा धूर दिवसरात्र माझ्यात मुरत राहिला. माझं आभाळ काळवंडलं. मी आतल्या आत ओरडत होतो. कागदाचं कोण ऐकणार?

साहेब परतल्याची बातमी आली. येसाजीने मला खाली काढून दाराच्या उजेडात धरलं. "काळं झालं की गं सगळं!"

"थांबा, पुसून देते," म्हणत पुतळीने ओलं फडकं फिरवलं. लाल कोट तिच्या बोटांवर उतरला. ती रडत पुसत राहिली, आणि मी उरलासुरलाही जात राहिलो.

"साहेब, ओल न्हाई लागू दिली," येसाजी एवढंच म्हणाला. साहेबाने मला केरात टाकलं आणि त्याला फाटकाबाहेर काढलं.

पुतळीने मला केरातून उचललं. आता येसाजी जंगलात ओंडके ओढतो. कीर्तनाला जात नाही, देवाचं नावही घेत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा. पण कुणाला जपायला सांगाल, तर कसं जपायचं तेही शेजारी बसून सांगा. देवा, माझा रंग परत नको मला. त्या माणसाच्या तोंडी तुझं नाव तेवढं पुन्हा येऊ दे.