मळईचा बांध

"जाई, बाभळ तोड, लिंब तोड, पर वाळुंजाला कोयता लावू नगंस. नदीला अंग टाकायला जागा ऱ्हाऊ दे."

सासऱ्यांचं, कोंडिबांचं हे सांगणं जाईबाईला आज पुन्हा ऐकू आलं, तेव्हा तिच्या हातात कोयताच होता. ओढ्याच्या तोंडाशी उरलेल्या एकुलत्या वाळुंजाच्या झाडाच्या फांद्या ती हातहातभर छाटत होती. लावण्यासाठी. ओली फांदी गाळात खोचली की धरते.

सासरे गेल्यावर तिसऱ्या वर्षी तिने भीमेकाठची मळई, पुराच्या गाळाची पट्टी, साफ केली होती. वाळुंज चुलीत गेले, लव्हाळं पेटवलं. मातीच्या पाट्या वाहून वाहून नदीच्या अंगाला तिने छातीएवढा बांध घातला आणि आत ऊस लावला. नवऱ्यामागं एकट्या बाईनं केलेला ऊस म्हणून लोक बघायला यायचे. तिलाही बरं वाटायचं.

गेल्या पावसाळ्यात धरणाचं पाणी सुटलं. भर दुपारी सिद्दीकभाई धावत तिच्या दारात आले. "वैनी, गुरं सोडा आन् वर जावा!" एवढं सांगून ते खालच्या आळीत स्वतःची शेळी सोडायला वळले. पूर्वी मळईत पसरून दमणारं पाणी बांधाला थटलं आणि सरळ त्या आळीत घुसलं. घराची भिंत सिद्दीकभाईंच्या अंगावर आली.

जाईबाईच्या उसाला पाणी शिवलंसुद्धा नाही.

सिद्दीकभाईंच्या चाळिसाव्याला तिच्यापुढे ताट आलं, ते तिने तसंच ठेवलं. "सरदार, पुढच्या आषाढ पुनवेच्या आत त्यो बांध ऱ्हात न्हाई," ती खाली मान घालून म्हणाली. सिद्दीकभाईंच्या बायकोने, सरदारबीने, पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

"आधी जेव."

त्यानंतर सरदारबीने तो विषय कधी काढला नाही.

उन्हाळ्यात तालुक्याचे साहेब आले, त्यांनी गावची सभा घेतली. भिंती घालून पूर थांबत नाही, तो दुसऱ्याच्या दारात जातो, असं त्यांनी समजावलं. मळई मोकळी सोडा, वाळुंज-करंज वाढू द्या, म्हणाले. सगळ्यांना पटलं, प्रत्येकाला शेजाऱ्याच्या मळईपुरतं. काठचे बागायतदार मारुतराव तर उठून म्हणाले, "सायेब, आधी तुमचं हापीस हलवा. त्येबी वढ्यातच हाय!" सभा हसत हसत उठली. जाईबाई तेवढी बसून राहिली.

"आई, येडी झालीस का?" कोरेगावच्या कंपनीतून पाळी संपवून आलेला रोहन ओढ्यावर उभा होता. "खोडवा खांद्याला लागलाय. निदान ह्यो ऊस तर जाऊ दे कारखान्याला!"

"ऊस जाईस्तवर पूर थांबंल व्हय?"

"समद्या गावानं बांध घातलेत. तू एकटीनं फोडून काय व्हणार?"

"माझ्या बांधाचं पाणी कुठं गेलं, त्ये मला ठावं हाय." तिने फांद्यांची मोळी आवळली. "उद्या आषाढ पुनव. पांढरं लुगडं नेसून विहारात शील घ्यायचं, त्ये कुठल्या तोंडानं?"

"मी न्हाई येणार कुदळ मारायला."

"मी बोलावलं कवा? जा, भाकरी झाकून ठेवलीया. गार व्हतीया."

तिने मोळी डोक्यावर घेतली, कुदळ खांद्यावर टाकली आणि खालच्या आळीने निघाली. सरदारबी आता पत्र्याच्या खोलीत राहत होती. जुन्या घराची चौकट तिने काढू दिली नव्हती. भिंतींवाचून ती चौकट एकटीच उभी होती. सवयीने जाईबाई तिथे थांबली, आत डोकावली.

पलीकडे नदी दिसत होती.

तिने मोळी सावरली आणि सरदारबीला हाक न मारता मळईची वाट धरली.