समोरासमोरची दारं

बंद खोलीत नकाशे काढून वस्तीचे अंगठे घेणाऱ्या बिल्डरांना आर्किटेक्टबाई भर सभेत चोर म्हणायची. म्हणून तर ही वस्ती नव्यानं बांधायचं काम लोकांनी तिच्याकडे दिलं. तिनं सगळ्यांना मैदानात बोलावलं, हातात चुन्याची फक्की दिली. "तुमची घरं तुम्हीच आखा."

लोकांनी खऱ्या मापाची घरं जमिनीवर आखली. जुन्या घरांच्या विटा घासून पुन्हा वापरायच्या, पावसाचं पाणी अंगणातच मुरवायचं, झाड एकही तोडायचं नाही, हे सगळं भांडून-तंडून ठरलं.

त्यात दोघी जावा होत्या. धाकटीनं आपलं दार थोरलीच्या दारासमोर आखलं.

"जन्मभर हिचं तोंड बघितलंस, अजून हौस फिटली नाही?" शिंप्यानं टोमणा मारला.

"भांडायला बरं पडतं," धाकटी म्हणाली. मग आवाज खाली आणून बाईला सांगितलं, "तिला फिट येते गं. दार समोर असलं की माझं लक्ष राहतं."

बाईनं मान डोलावली. आणि पुढे ऑफिसात बसून, पाइप एका रेषेत यावेत म्हणून, धाकटीचं घर कॉम्प्युटरवर उलटं फिरवलं. दार मागच्या गल्लीत गेलं. विचारायचं तर पुन्हा बैठक, पुन्हा आरडाओरडा. तिला कंटाळा आला. बस, एवढंच. कंटाळ्याला उगाच भारी नाव कशाला द्यायचं?

भिंती डोक्याच्या वर गेल्या तेव्हा लोक घरं बघायला आले. धाकटी आपल्या दारात उभी राहिली. समोर नुसती गल्ली.

"अगं, कुठं गेलीस?"

"इथंच आहे की!" थोरली मागच्या बाजूनं ओरडली. "डोळे फुटले का तुझे?"

लोक हसले. धाकटीनं बाईकडे बघितलं.

"नियमात बसत नव्हतं, काकू," बाई चटकन बोलून गेली.

"असं होय. मग तू तरी काय करणार?" धाकटीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. "किती राबतेस आमच्यापायी. पाणी देऊ का?"

तो हात बाईला सोसेना. शिवी घातली असती तर परवडलं असतं.

"नियमबियम काही नव्हता, काकू. मीच फिरवलं. पाइपांसाठी. तुम्हाला विचारलं नाही."

हात पाठीवरून निघाला. थोरली वळसा घालून पुढ्यात येऊन उभी राहिली.

"मी तोंडाला फेस येऊन पडले असते, तर तुझे पाइप धावत आले असते का गं?"

बाईची मान वर होईना. "ही भिंत आजच उतरवा," ती गवंड्याला म्हणाली. "दार काकूंनी आखलं होतं तिथंच बसवा. पाइपांचं मी निस्तरेन."

गवंड्यानं घण उचलला. बाईला वाटलं, बोलून मोकळी झाले, आता लोक चार शिव्या घालतील आणि जरा हलकं वाटेल.

पण तिच्याकडे कुणी बघतच नव्हतं. शिंप्यानं गळ्यातली टेप काढली आणि आपल्या खिडकीकडे निघाला. त्याच्यामागून टेम्पोवाला, त्याची बायको, सगळेच. जो तो आपल्या अर्धवट बांधलेल्या घरात शिरला.

"इथं कपाट बसणार होतं ना?" आतून कुणीतरी विचारत होतं. "वीत लावून बघ. नीट बघ."