बाहेरून कुलूप

सुरतेतल्या लिंबायतच्या त्या गल्लीत वेरोवाला, म्हणजे महापालिकेचा घरपट्टी घेणारा माणूस, आला की गल्लीच्या गल्ली गावाला निघून जायची. खरं तर कुणी कुठे जात नसे. मंगलाबाई किल्ल्यांचा जुडगा घेऊन दारोदार बाहेरून कुलपं लावत आणि बाया आत बसून लसूण सोलत. मग मंगलाबाई देवळात जाऊन बसत, चेहरा असा की जन्मात कुलूप पाहिलं नाही. खानदेशातून आलेल्या या मंडळींची युक्ती कधी फसली नव्हती.

उषाबाईंच्या दारालाही कुलूप लागे, पण त्यांचा जीव दुसरीकडेच अडकला होता. चौऱ्याण्णव साली प्लेगच्या भीतीने सगळे अमळनेरकडे पळाले. पोट सुरतेच्या यंत्रमागांवर, म्हणून परतले. पण त्यांची लहानगी वर्षा आजीपाशीच राहिली. नवरा भिकन एरवी लोण्यासारखा मऊ, या बाबतीत मात्र दगड. दारापुढच्या गटाराकडे बोट दाखवून तो म्हणे, "जवलोंग हाई गटार उघडं शे, तवलोंग पोरले आठे आणाव नही." उषाबाईंना राग येई, आणि तो खरं बोलतोय म्हणून जास्तच येई.

प्लेगनंतर सुरतेने मात्र कात टाकली. साहेब लोक कचेरी सोडून सकाळी चिखल तुडवत फिरू लागले. पूर्वी एका पाइपासाठी कागद वर वर चढायचा आणि तिथेच झोपायचा. आता झोनचा, म्हणजे त्या भागाचा, साहेब जागेवर उभा राहून ठरवी, कुठे खणायचं. कौतुक करावं तेवढं थोडंच.

असाच एक साहेब त्या सकाळी दोन माणसं आणि मोजपट्टी घेऊन गल्लीच्या तोंडाशी आला. मंगलाबाईंना वाटलं, वेरोवालेच. पाहता पाहता गल्ली कुलूपबंद झाली.

साहेबाने या टोकापासून त्या टोकापर्यंत कुलपं पाहिली. उषाबाईंच्या खिडकीखाली थांबून तो सोबत्याला म्हणाला, "अहीं तो कोई रहेतुं ज नथी. गटरलाइन बाजूनी गलीमां नाखो."

उषाबाईंच्या हातातला लसूण गळून पडला. गटार बुजवायला आलेली माणसं शेजारच्या गल्लीत चालली होती, आणि त्यांच्याबरोबर वर्षाही. त्यांनी परात उचलली आणि खिडकीच्या गजांवर दणादणा बडवली.

"साहेब, हम रहते ना इधर. सब लोग अंदर है."

"ताला तो बाहर से है," साहेब म्हणाला.

"वेरो के डर से लगाया." आता लपवून काय उपयोग होता? "मेरा वेरो लिखो, सबसे पहले मेरा. लेकिन गटर इधर डालो. मेरी बेटी उसके वास्ते गाव में रुकी है."

साहेब हसला नाही की रागावला नाही. तो थांबला, आणि माणसाची थोरवी अशा थांबण्यातच असते. मंगलाबाईंना देवळातून बोलावून आणलं. एकेक कुलूप उघडलं, बाया लसणाच्या सुपांसकट बाहेर आल्या आणि वेरो सगळ्यांनाच लागला. पुढे कितीतरी दिवस उषाबाईंशी कुणी धड बोललं नाही. मंगलाबाई तर येताजाता 'घरचा भेदी' म्हणून टोमणा मारत.

पाइप पडले, वर फरशी बसली. भिकनने ती पायाने दोनदा ठोकून पाहिली आणि तो अमळनेरच्या गाडीत बसला.

वर्षा आली ती दारापुढे उभी राहून इकडेतिकडे पाहू लागली. बाप गावी आला की ज्याची भीती घाली, ते तिला कुठे दिसेना.

"माय, गटार कोठे शे?"

उषाबाईंनी तिला उचललंच नाही. त्यांना तिला तिथेच उभी असलेली बघायचं होतं.

"तू त्यानावरच उभी शे," त्या म्हणाल्या.