रिकाम्या नाकाची कयाक

मित्रांनो, मी एक जुनी, नारिंगी कयाक आहे. वल्ह्यानं हाकायची निमुळती होडी. माझी गोष्ट गोड नाही, आणि ती गोड करून सांगायची माझी इच्छाही नाही.

प्लॅस्टिकची भुकटी साच्यात भाजून मला घडवलं. नियम असा, की होडीच्या नाकात आणि शेपटीत फोमचे ठोकळे बसवायचे. मग होडी पाण्यानं काठोकाठ भरली तरी तरंगते, माणसाला तिला धरून राहता येतं. आमच्या कारखान्याच्या शेठकडे ठोकळ्यांची एकच जोडी होती. चाचणीला जाणाऱ्या होडीत ती घालायची, शिक्का बसला की काढायची. कामगार तिला 'जावई' म्हणत. "जावयाला बोलवा रे, साहेब आलेत." माझ्याही पोटात जावई राहून गेला. मान घेतला, निघून गेला.

पुढे मी तलावावर आले. तिथं काकू होड्या भाड्यानं देत. त्यांचा धाकटा भाऊ मला पुसताना म्हणे, "ही आपली गुणाची." ते कौतुक मला आजही टोचतं.

एकदा वारा सुटला. पोहायला उतरलेला एक पाहुणा मध्येच दमला. भाऊ मला घेऊन तिथं पोचला आणि आपलं तरंगायचं जॅकेट त्यानं पाहुण्याच्या अंगावर चढवलं. तेवढ्यात लाटांनी मला भरून टाकलं. पाणी गार, काठ लांब. भावानं मला घट्ट धरलं आणि मी दगडासारखी खाली गेले. पाहुणा वाचला. भाऊ नाही.

चौकशीत शेठ म्हणाला, "जॅकेट काढलं, चूक त्याची. होडी पास आहे आमची."

मेलेल्या माणसावर खापर फोडून हा मोकळा होणार होता.

तपासणी अधिकारी बाईंनी मला तलावातून काढून थेट कारखान्याच्या हौदावर आणलं. "पास आहे ना? मग तुम्हीच बसा. पाणी आम्ही भरतो."

शेठ घुटमळला. सोबत आलेल्या काकू म्हणाल्या, "बसा की शेठ. भीती वाटत असेल तर जॅकेट घाला."

मित्रांनो, सूड घ्यायला मला काहीच करावं लागलं नाही. तो बसला, पाणी भरलं, आणि त्यानं मला जसं बनवलं, तशीच मी वागले: थेट तळाला गेले. शेठ नाकातोंडात पाणी जाऊन धडपडत वर आला, तेव्हा मागून एक कामगार पुटपुटला, "जावयाला बोलवायचं राहिलं वाटतं."

कारखान्याला टाळं लागलं. मला फार बरं वाटलं.

आता मी तलावाकाठी उपडी पडून असते. माझं नाक कापलंय. काकू प्रत्येक गिऱ्हाइकाला त्यात हात घालायला लावतात. तुम्हीही शिक्क्यावर विसंबू नका. होडीत बसण्याआधी तिच्या पोटात काय आहे ते बघा.

परवा शेठ माफी मागायला आला. काकूंनी त्यालाही सांगितलं, "घाला हात. काय लागतंय?"

"काही नाही."

"माझ्या भावालाही तेच लागलं," काकू म्हणाल्या, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.