खाणीतला डावा बूट

मित्रांनो, मी एक जुना बूट आहे. त्यातही डावा. माझा उजवा जोडीदार स्वभावाने शांत आहे. मी तसा नाही. माझा स्वभाव जळका आहे, आणि माझ्या आयुष्यात जे काही भले-बुरे झाले ते या स्वभावापासून वेगळे काढता येत नाही. म्हणून ते आधीच सांगून टाकतो.

माझा जन्म कानपूरच्या एका कारखान्यात झाला. जाड काळे कातडे, खाली रबराचा तळ आणि पुढे बोटांवर, कातड्याच्या आत, पोलादाची टोपी. उंची घोट्याच्या जरा वर. असे आमचे शेकडो जोड एका ट्रकमधून सावनेरजवळच्या कोळशाच्या खाणीत आले. माझ्या वाट्याला देवराव आले. उंच, कमी बोलणारा माणूस. त्यांनी मला पायात घातले, दोनदा जमिनीवर पाय आपटला आणि म्हणाले, "चांगला आहे."

खाणीत मी मन लावून काम केले. पाणी, चिखल, कोळशाची भुकटी, सगळे सोसले. तरी जळायचो. देवरावांच्या डोक्यावरचा दिवा शिफ्ट संपली की आपल्या खोलीत जाई. तिथे त्याला पुसून चार्जिंगला लावत. मला मात्र दाराबाहेर काढून ठेवत. दसऱ्याला देवराव पांढरे कपडे घालून घरच्यांबरोबर दीक्षाभूमीवर जात, तेव्हा त्यांच्या पायात साध्या चपला असत. त्या दिवशी मला त्या चपलांचाही राग येई.

एकदा खाणीच्या छतातून कोळशाचे मोठे ढेकूळ सुटले आणि थेट माझ्यावर पडले. पोलादाची टोपी थोडी चेपली. आत देवरावांची पाचही बोटे शाबूत राहिली. तो दिवस माझा होता. साहेबांनी नियमाप्रमाणे त्यांना लगेच नवा जोड दिला, पण देवरावांनी आम्हा दोघांना पिशवीत घालून घरी आणले. दर रविवारी ते पॉलिशची डबी काढून बसत आणि येईल त्याला सांगत, "ह्या बुटानं माझी बोटं वाचवली." एका बुटाला आणखी काय हवे असते?

देवराव निवृत्त झाले आणि नागपूरला नंदनवनात राहायला आले. त्यांची मुलगी दीक्षा तोवर नोकरीला लागली होती. माती तपासण्याच्या प्रयोगशाळेत ती काम करते. गावोगावच्या शेतांतून मातीचे नमुने आणायचे म्हणून ती मोटारसायकल शिकली, आणि मग त्या गाडीचे तिला वेडच लागले. दोन वर्षांपूर्वी तिने एक उंच गाडी घेतली. डांबरी रस्ता संपला की जिची खरी मजा सुरू होते, अशी. सुट्टीच्या दिवशी ती आणि तिची मैत्रीण हर्षा आपापल्या गाड्या घेऊन जंगलाकडच्या कच्च्या वाटांना जाऊ लागल्या.

पहिल्या वेळी दीक्षा साध्या कापडी बुटांवर निघाली होती. देवरावांनी तिला फाटकातच थांबवले.

"हे घालून जाशीन? माझे बूट घाल."

"मोठे होतीन ना बाबा मले."

"समोर कापड भर. मोजे दोन घाल."

असा मी पुन्हा कामाला लागलो. तिचा पाय माझ्यात दोन बोटे लहान पडत होता, पण मला त्याचे काय? गाडीचा गिअर डाव्या पायाने बदलतात. त्यामुळे माझ्या पंज्यावर गिअरचा चट्टा पडला आणि मी उजव्याकडे तोऱ्याने पाहू लागलो. नाले, काटे, खडी, सगळीकडे मीच. घरी आल्यावर देवराव मला पुसत आणि प्रवासाची हकीकत ऐकत. ते माझे सर्वात सुखाचे वर्ष होते.

मग एका रविवारी हर्षा नवे बूट घालून आली. नडगीपर्यंत उंच, बाजूला तीन बकल. ती पायऱ्या चढली तेव्हा दीक्षा तिच्या पायांकडे बघतच राहिली. मी तिच्या पायात होतो. तिची नजर कुठे गेली ते मला कळले.

पुढच्याच आठवड्यात दीक्षा धरमपेठेतल्या दुकानात गेली. मोटारसायकलवरून लांब जाणाऱ्यांचे सामान तिथे मिळते. देवराव मागे बसले होते आणि मी तिच्या पायात होतो. स्वतःची जागा कोण घेणार हे बघायला स्वतःच जावे लागणे, यासारखे दुःख नाही, मित्रांनो.

दुकानदाराचे नाव श्रीधर. चालताना तो जरा लंगडत होता. त्याने मला हातात घेतले, तेव्हा देवरावांनी आपले नेहमीचे वाक्य सांगितले. श्रीधरने ते नीट ऐकून घेतले.

"वाचवलीच असतीन काकाजी. चांगला बूट आहे हा," तो म्हणाला. "पण हा वरून पडणाऱ्या दगडासाठी बनला. गाडी वरून पडत नाही, बाजूनं पडते."

मग त्याने माझी टाच एका हातात आणि पंजा दुसऱ्या हातात धरला आणि मला ओल्या कपड्यासारखे पिळले. मी पिळला गेलो. घोट्यापाशी त्याने अंगठा दाबला, तो सहज आत गेला.

"इथं काहीच नाही. आणि ह्या लेस बघा ताई, लोंबून राहिल्या. गिअरमध्ये अडकली तर पाय काढता येणार नाही. माप तर तुमचं नाहीच."

त्याने तीन जोड मांडले. पहिला शर्यतीवाल्यांचा होता, प्लास्टिकच्या चिलखतासारखा. तो पिळता येईना, वाकवताही येईना. श्रीधर म्हणाला, "सगळ्यात मजबूत हाच. पण गाडीवरून उतरून दोन पावलं चालून दाखवा." दीक्षा चालली आणि तिला स्वतःलाच हसू आले. दुसरा मऊ होता, दिसायला देखणा. पण त्याचा घोटा माझ्यासारखाच दबत होता. तो नापास झाल्याचा मला आनंद झाला.

तिसरा तपकिरी होता. नडगीवर पट्टी, घोट्याच्या दोन्ही बाजूंना कडक वाट्या, लेसच्या जागी बकल. पुढे वाकत होता, पण आडवा वळत नव्हता. श्रीधरने दीक्षाला जाड मोजे घालायला लावले, उकिडवे बसवले, मग एका लाकडी दांड्यावर पंजे टेकवून उभे केले, गाडीच्या पायदानावर उभे राहतात तसे.

"टाच आत उचलून राहिली का?"

"नाही."

"बोटं पुढं टेकतात?"

"नाही. पण गरम होते हो. आपल्या नागपूरचा उन्हाळा..."

"गरम तर होईन. आतला थर पाणी आत येऊ देत नाही, तर घामही लवकर बाहेर जात नाही. माझा घोटा मोडला तेव्हा माझ्या पायात हवेशीर बूट होते ताई."

दीक्षाने वडिलांकडे पाहिले. देवराव मला हातात घेऊन उभे होते.

"तुमच्या साहेबानं बी तुमाले तेव्हा नवे देले होते ना, बाबा?" ती हळूच म्हणाली.

"देले होते," देवराव म्हणाले. "घे वं. पायाले जपलं पाहिजे."

तपकिरी जोड घरी आला. त्या संध्याकाळी देवरावांनी पॉलिशची डबी काढली आणि आधी त्याचा खोका उघडला. बकल लावून पाहिले, काढून पाहिले. "जबरदस्त आहेत," ते म्हणाले. मी बाजूला होतो. माझी पाळी आली तोवर त्यांना जेवायला हाक आली होती.

मी त्या तपकिरी जोडाचे वाईट चिंतले. मी ते लपवणार नाही. तो चावो, मी म्हणत होतो. तिच्या टाचेला फोड येवोत. तिला गिअर न सापडो. आणि झालेही तसेच. नवे कडक बूट पहिले काही दिवस कोणालाच चावतात. दीक्षाने ते घालून गल्लीत गाडी फिरवली, तर पंज्याला गिअर जाणवेना. टाच सोलवटली. हर्षा म्हणाली होती की घरात घालून फिर, आठवड्याभरात पायाला बसतील. पण दीक्षाला तेवढा धीर नव्हता.

डिसेंबरच्या एका सकाळी दोघींचे खेकरानाल्याच्या धरणाकडे जायचे ठरले. दीक्षाने नवे बूट हातात घेतले, आपल्या टाचेवरच्या चिकटपट्टीकडे पाहिले आणि ते परत खोक्यात ठेवले. मग ती माझ्याकडे वळली.

देवराव अंगणात चहा घेत होते. "नवे काहून नाही घातले?" त्यांनी विचारले.

"चावून राहिले बाबा. आज एक दिवस तुमचेच घालतो. हे सवयीचे आहेत."

देवरावांनी होकारार्थी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर बरे वाटल्यासारखे काहीतरी होते. मला तर गगन ठेंगणे झाले होते. निघताना मी खोक्यातल्या त्या तपकिरी जोडाकडे पाहिले, आणि कसे पाहिले असेल ते तुम्ही ओळखाच.

सावनेर गेले, डांबर संपले. वाटेत एक कोरडा नाला लागला, त्यात वाटोळे दगड. हर्षा पुढे निघून गेली. दीक्षाची गाडी अगदी हळू चालली होती. पुढचे चाक एका दगडावरून घसरले आणि गाडी डावीकडे कलली. तिने डावा पाय टेकायला काढला, पण तो निघाला नाही. माझी सुटलेली लेस गिअरच्या दांड्याला अडकली होती. तिने हिसका दिला. लेस तुटली, पण तेवढ्या क्षणात गाडी खाली आली. पाय माझ्या आत सैल होता, तो आतल्या आत फिरला आणि सगळे वजन माझ्या बाजूवर, घोट्याच्या मऊ कातड्यावर पडले.

मी जीव खाऊन ताठ राहायचा प्रयत्न केला. मला ते जमले नाही. माझ्या आत हाड मोडल्याचा आवाज झाला. पुढची पोलादाची टोपी जशीच्या तशी होती. तिच्यावर काही पडलेच नव्हते.

हर्षा मागे फिरली. जवळच्या तुरीच्या शेतातून गोदूबाई नावाची एक बाई धावत आली. दोघींनी मिळून गाडी उचलली. "हलू नको वं माय, पाय हलवू नको," गोदूबाई म्हणत होती आणि दीक्षाच्या डोक्यावर आपल्या पदराची सावली धरून होती. गोदूबाईच्या घरच्यांनी मालवाहू गाडी आणली आणि त्यातून दीक्षाला सावनेरच्या दवाखान्यात नेले. तोवर पाय इतका सुजला होता की मी निघेना. डॉक्टरांनी मोठी कात्री मागवली. लेसखालची माझी जीभ, माझे कातडे वरपासून पंज्यापर्यंत कापले गेले. मला दुखले नाही. लवकर कापा, एवढेच मी मनात म्हणत होतो.

घोट्याची दोन हाडे मोडली होती. नागपूरला ऑपरेशन झाले, धातूची पट्टी आणि स्क्रू बसले. मी प्लास्टिकच्या पिशवीतून घरी आलो.

देवराव दवाखान्यातून परतले तेव्हा त्यांनी ती पिशवी उघडली. पॉलिशची डबी काढली नाही. मला मांडीवर घेऊन ते बराच वेळ बसले. दोन-तीन दिवसांनी दीक्षा घरी आली, पाय उशीवर ठेवून पलंगावर पडली, तेव्हा ते तिच्याजवळ जाऊन बसले.

"त्या दिवशी मी तुले थांबवाले पाहिजे होतं," ते म्हणाले.

"तुमची काय चूक बाबा? मीच घातले."

"नाही वं. मले समजत होतं. पण तू माझे बूट घातले तर मले बरं वाटलं. ते नवे आले तेव्हापासून मनात खुपून राहिलं होतं. सांगाची लाज वाटे."

दीक्षाने त्यांचा हात धरला. "मले बी तुमचेच आवडत होते," ती म्हणाली. दोघेही रडले, आणि मग तिची आई भाकर घेऊन आली म्हणून थांबले.

मी पिशवीत होतो. इतके दिवस मला वाटत होते की या घरात जळणारा मी एकटाच आहे.

दीक्षाला पुन्हा नीट चालता यायला पाच महिने लागले. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर ती घरात तपकिरी बूट घालून फिरू लागली. भाजी निवडताना बूट, टीव्ही बघताना बूट. देवराव रोज विचारत, "आज कुठं लागून राहिलं?" आणि त्या जागी कातडे बोटांनी दाबून मऊ करत. हळूहळू ते तिच्या पायाला बसले. पावसाळा सरल्यावर ती पुन्हा निघाली. देवरावांनी फाटकात बसून प्रत्येक बकल ओढून पाहिले.

त्या दिवशी ती तिसऱ्या प्रहरी परतली. गुडघ्यापर्यंत चिखल होता.

"पडलो होतो बाबा," ती बूट काढत म्हणाली. "डाव्याच अंगावर. पाय गाडीखाली होता."

देवराव उठून उभे राहिले. ती तोवर मोज्यांवर चालत स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलीही होती.

देवरावांनी डावा तपकिरी बूट उचलून धुतला. घोट्याच्या वाटीवर एक खोल, लांब ओरखडा होता. त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला. मी माझ्या जागेवरून ते पाहिले. मित्रांनो, मला त्या ओरखड्याचा फार हेवा वाटला. आजवर मी खूप जळलो, पण एवढे कधीच नाही. तो ओरखडा माझ्या अंगावर असायला हवा होता.

आता मी गॅलरीत एका खोक्यात असतो. उजवा माझ्याजवळ आहे. तो अजून धड आहे, पण माझ्याशिवाय त्याचा उपयोग नाही. देवराव महिन्यातून एकदा आम्हाला पुसतात.

तुमच्या घरातही आमच्यासारखे जुने काही असेल. ज्याने एके काळी कोणाला तरी वाचवले असेल. ते टाकू नका, पुसून ठेवा. पण त्याच्या जुनेपणाची भीड धरून ते अंगावर घालून बाहेर पडू नका. बूट घ्यायला गेलात तर त्याला पिळून पाहा, घोट्यापाशी दाबून पाहा, आपल्याच मापाचा घ्या, आणि तो चावला तर आठवडाभर धीर धरा. आम्ही जुने बूट जळू. आम्हाला जळू द्या. तुम्ही मात्र संध्याकाळी आपल्या पायांनी घरी चालत या.