घंटेआधीची दोन मिनिटं

उत्तम रविवारी दुपारी घरात बसलाय, हे मानपाड्याच्या त्या चाळीने सत्तावीस वर्षांत बघितलं नव्हतं. रविवार म्हणजे प्रयोग. मोठे नट सलिल कारखानिस, त्यांचं नाटक जिथे, तिथे उत्तम. कपड्यांना इस्त्री मारायची, नटांना चहा नेऊन द्यायचा आणि पडदा उघडायच्या आधी तीन वेळा घंटा द्यायची. तिसरी घंटा म्हणजे त्याच्या जिवाभावाचं काम. सगळे नट तयार म्हणाले की मगच ती द्यायची. एक जरी मागे राहिला असेल तर खाली मंत्री येऊन बसलेला का असेना, हात लावायचा नाही. हे सलिलदादानेच शिकवलेलं.

आता सगळंच बंद. तीन आठवड्यांपूर्वी अंतराने फेसबुकवर लिहिलं. नाटकात दादाच्या मुलीचं काम करायची ती पोर. दोन वर्षांपूर्वी ठाण्याच्या प्रयोगाला दादाने मेकअपरूमचं दार लावून घेतलं आणि नको तिथे हात घातला, असं लिहिलं. चार दिवसांत प्रयोग रद्द, दादा सिरीयलमधून बाहेर. ज्या पेपरवाल्या बाईंनी त्याला तीस वर्षं डोक्यावर घेतलेलं, त्यांनी छापलं, यापुढे या माणसाचं नावसुद्धा लिहिणार नाही.

नाक्यावरची हवा वेगळी. रिक्षावाला गोविंदा म्हणाला, "दोन वर्षं झोपलेली काय ती? काम सुटलं, आता आठवलं."

मोबाईलवाला मयूर म्हणाला, "ते जाऊ दे यार. पण माणसाने आपल्याला एवढं रडवलंय, हसवलंय, ते पण खोडायचं का?" मग तो उत्तमकडे वळला. "उत्तमशेठ, तुम्ही तर आतले. खरं काय ते सांगा ना."

"आपण इस्त्रीवाला माणूस," म्हणत उत्तमने अर्धा चहा तसाच ठेवला आणि घर गाठलं.

घरात लेक संचिता मोबाईल घेऊन बसलेली. तिच्या बारशाला दादा स्वतः आलेला. गाडी गल्लीत शिरेना म्हणून चिखलातून चालत आलेला, आणि तिचं नावही त्यानेच सुचवलेलं. मोठी झाल्यावर पोरगी त्याचा फॅनग्रुप चालवायला लागली. आता तिथूनच दिवसरात्र अंतराशी भांडत होती.

"पप्पा, ऐका. आज परत लिहिलंय तिने. म्हणे, 'मी बाहेर आले. साडी सुटलेली. घंटेपाशी काका होते, त्यांना म्हणाले, दोन मिनिटं थांबा. त्यांनी घंटा दिली.' बघा, आता तुम्हालाच ओढतेय. मी खाली लिहिते, घंटा माझे वडील देतात, त्यांना कोणी असं बोललंच नाही. लिहू ना?"

त्याची बायको शेवंती आतून म्हणाली, "लिही गं. त्या माणसाने आपल्याला काय कमी केलंय?"

उत्तमने तिच्या मोबाईलवर हात आडवा धरला.

"नको लिहू," तो म्हणाला. "बोललेली ती."

शेवंती हात पुसत बाहेर आली.

"थरथरत होती. निऱ्या हातात धरलेल्या. मी समजलो, समजायचं ते. तेवढ्यात दादा दारात आला, मला म्हणाला, दे रे. मी दिली. पोरगी तशीच स्टेजवर गेली, पहिल्याच वाक्याला अडखळली. लोक हसले. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, नवी मुलगी कच्ची आहे."

"पण कोणी तयार नसलं तर घंटा द्यायची नाही ना? तुम्हीच सांगायचात."

"हो."

"मग का दिलीत?"

दादा बोलला की ह्याचा हात आपोआप चालायचा, सत्तावीस वर्षं चाललेला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, आजसुद्धा दादाचा आवाज कुठे कानावर पडला की उत्तमचा जीव त्याच्याकडे ओढला जायचा. हे लेकीला कसं सांगायचं?

संचिता स्क्रीनवर बोट फिरवत मागे मागे गेली. आपलंच लिहिलेलं वाचत असावी. "पप्पा, मी तिला काय काय लिहिलंय हो," एवढंच म्हणाली आणि मोबाईल उलटा ठेवला.

उत्तमने आपल्या जुन्या फोनवरून नंबर लावला. अंतरा वर्तकनगरला आईकडे असते, हे त्याला माहीत होतं. तिलाही काम नव्हतं. भांडणवाली म्हणून कोणी घेत नव्हतं.

"मी उत्तमकाका."

पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला.

"लिहून देतो मी. सहीनिशी. जिथे सांगशील तिथे येतो."

"काका, एक विचारू?" आवाज अगदी बारीक होता. "तुम्हाला ऐकू गेलेलं का तेव्हा? मला दोन वर्षं वाटतंय, मीच हळू बोलले असेन."

उत्तमने डोळे मिटले.

"ऐकू आलेलं, पोरी," तो म्हणाला. "नीट ऐकू आलेलं."